चार एमबीची तंगी

२४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं, रॅम किमान ४ एमबी हवी, ८ असेल तर उत्तम. या 'किमान'चा अर्थ ज्यांनी ४ एमबीवर ते चालवून पाहिलं त्यांना बरोबर कळला. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. डिस्क रॅमपेक्षा हजारो पटींनी मंद. एक खिडकी मिटून दुसरी उघडायची, तर डिस्कचा लाल दिवा लुकलुकत राहायचा आणि आतून दळण दळल्यासारखी घरघर यायची.

स्वस्त मशीनमध्ये रॅम कमी असायची त्याचं कारण सोपं आहे. जाहिरातीत ठळक अक्षरांत यायचा तो प्रोसेसर. ४८६ की पेंटियम, हे शेजाऱ्यालाही सांगता यायचं. रॅम मात्र आत. किंमत उतरवायची तर कात्री तिथेच लावायची, पुढचं गिऱ्हाईक बघून घेईल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवून घेणारे आपले लोकही हाच हिशेब करत: आत्ता चार टाकू, पुढे वाढवू.

'पुढे वाढवू' म्हणणं सोपं होतं. जुन्या पद्धतीच्या सिम पट्ट्यांना ३० पिना असत आणि एक पट्टी एका वेळी ८ बिट देई. ४८६ला लागत ३२. म्हणजे पट्ट्या चाराच्या जुडीनेच घालायच्या, तिरक्या सरकवून मग उभ्या करायच्या, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन बसेपर्यंत. स्वस्त मदरबोर्डावर खाचा चारच असल्या आणि त्यात एकेक एमबीच्या पट्ट्या बसलेल्या असल्या, की ८ एमबी करायची सोयच नाही. त्यावरची पट्टी थेट ४ एमबीची. चारही जुन्या काढा, चार नव्या घ्या, एकदम १६. ज्याला दुप्पट परवडत नव्हतं त्याला चौपट घ्यायला लावणारी ही रचना होती. नव्या ७२ पिनांच्या पट्टीने हा जाच बराच कमी केला. ४८६ला ती एकटीही पुरे.

भावाचं दुखणं मात्र निराळं होतं. ४ जुलै १९९३ला जपानमधल्या निइहामा गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपा बनत नव्हत्या. चिपेवरच्या काळ्या आवरणासाठी लागणारं इपॉक्सी रेझिन बनत होतं, जगाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त. टंचाईच्या नुसत्या धास्तीने रॅमचे भाव भडकले आणि पुढची दोन वर्षं चढेच राहिले. रेझिनचं निभलं, पण मागणी वाढतच होती. १९९५च्या मध्यावर अमेरिकेत ४ एमबीला शंभर डॉलरांहून अधिक पडत.

असल्या अडचणीत भोंदू येणारच. सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने 'सॉफ्टरॅम ९५' आणलं: फ्लॉपी घाला, रॅम दुप्पट. सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. जर्मनीच्या 'सीटी' मासिकाने आणि अमेरिकेत मार्क रसिनोविच यांच्यासारख्या जाणकारांनी ते उसवून पाहिलं, तर ज्या कॉम्प्रेशनची जाहिरात होती ते होतच नव्हतं. पडद्यावरचा काटा तेवढा दुप्पट आकडा दाखवी. १९९६मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला धरलं. मला यातला काटा विशेष वाटतो. मशीन तितकंच रखडत असताना लोक त्या आकड्याकडे बघून समाधान मानत होते.

त्याच वर्षी खरी रॅम स्वस्त झाली. विंडोज ९५च्या मागणीवर डोळा ठेवून कोरिया, जपान, तैवानमध्ये उभारलेले कारखाने एकदम माल ओतू लागले आणि वर्षभरात भाव पाव हिश्श्याच्याही खाली घसरले. तोवर नव्या बोर्डांवरून ३० पिनांच्या खाचा गेल्या होत्या. आदल्या वर्षी शंभर-शंभर डॉलर मोजून घेतलेल्या त्या पट्ट्या बसवायला जागा उरली नव्हती. काहींनी त्यांना भोक पाडून किल्ल्या अडकवल्या.