'येरवड्याला पाठवा' ते 'आपणहून आलो': मनाच्या मदतीचा शंभर वर्षांचा प्रवास



पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेले असते. कोणी जरा विचित्र वागले, की "ह्याला येरवड्याला पाठवा!" असे म्हणून सगळे हसतात. मुंबईकडची मंडळी याच अर्थाने ठाण्याचे नाव घेतात. येरवड्यात उंच भिंतींच्या दोन मोठ्या सरकारी संस्था आहेत, एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. पुणेकरांच्या बोलण्यात या दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, आणि त्यातूनच मनाच्या आजाराकडे आपण कसे बघत आलो हे कळते.

हे आज लिहिण्याचे कारण माझ्या दवाखान्यातले आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, पोटात सतत गॅस होतो, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. ईसीजी, रक्ततपासणी, थायरॉइड, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल येते. मग मी म्हणतो, "एकदा मनोविकारतज्ज्ञांना भेटून घ्या." त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर येते, "डॉक्टर, मी काही वेडा नाही." आणि त्यानंतर सहा महिने, वर्ष, कधी कधी पाच वर्षे वाया जातात.

या उत्तराचा मला पूर्वी राग यायचा. इतिहास वाचल्यावर तो गेला. कारण ही भीती खोटी नव्हती. ती एका काळात अगदी रास्त होती. फक्त तो काळ संपला आणि भीती मागे राहिली.

जेव्हा दरवाजा पोलीस उघडत

१९१२ साली इंग्रज सरकारने 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट' केला. त्या कायद्याप्रमाणे वेड्यांच्या इस्पितळात जाण्याचा मुख्य मार्ग मॅजिस्ट्रेटच्या आदेशाचा होता. रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या माणसाला पोलीस पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे करत. नातेवाइकांना भरती करायचे असेल तर अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले लागत. आपणहून येणाऱ्यालाही आत घेण्याची तरतूद होती, पण त्यासाठी इस्पितळाच्या दोन अधिकृत निरीक्षकांची संमती हवी असे.

म्हणजे मनाच्या आजारासाठी मदत मागायची, तर पोलीस, मॅजिस्ट्रेट, दाखले आणि शेवटी कुलूप. थोडे उदास वाटते, झोप येत नाही, एवढ्यासाठी तिथे कोण जाईल? घरच्यांना आवरेनासे झाले की मगच माणूस तिथे पोचायचा.

जागाही अपुरी होती. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. तेव्हा भारताची लोकसंख्या सुमारे ४० कोटी होती आणि मनोरुग्णालयांतल्या खाटा सुमारे १०,०००. येरवड्याचे आणि ठाण्याचे रुग्णालय हे या मोजक्या ठिकाणांपैकी.

तेव्हा लपवणे हेच शहाणपण होते

आता तुमच्या पणजोबांच्या जागी उभे राहून विचार करा. घरात एखादा मुलगा भ्रमिष्टासारखा वागू लागला. त्याला लवकर नेले तर काय मिळणार? त्या काळी परिणामकारक औषधच नव्हते. लवकर नेले तर तो लवकर कोंडला जाणार, एवढाच फरक. शिवाय धाकट्या बहिणीचे लग्न अडणार. मग घरच्यांनी त्याला माडीवर ठेवले, देवऋषी केला, नवस बोलले. त्यांना दोष देऊ नका. उपलब्ध पर्यायांत त्यांनी आपल्या माणसाला जपलेच होते.

आपण जे 'लोक काय म्हणतील' म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे. मदत उशिरा घेण्याची ही सवय आपल्याला वारसा म्हणून मिळाली आहे.

चित्र पालटले

मग अवघ्या काही वर्षांत बरेच काही बदलले. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी अतिउत्तेजित अवस्थेवर लिथियमचा उपयोग दाखवला. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. भास आणि भ्रम औषधाने कमी होऊ शकतात हे जगाने पहिल्यांदा पाहिले. १९५७ साली इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध पुढे आले. त्याच दशकात अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी विचार बदलून भावना बदलण्याची उपचारपद्धती मांडली. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठी वाचकांपर्यंत पोचवली.

दरवाजेही जवळ येऊ लागले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ सालीच डॉ. के. आर. मसानी यांनी मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता. ताप-खोकल्याच्या रुग्णालयातच मनाचीही खिडकी, ही कल्पना मोठी होती. दाखवायचे, औषध घ्यायचे आणि संध्याकाळी घरी परत यायचे. आज ससूनमध्ये आणि खुद्द येरवड्याच्या मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणारे बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे?

१९८६: त्याच भिंतीच्या आत

पुण्यातला सर्वांत मोठा बदल मला वाटते १९८६ साली झाला, आणि तोही येरवड्यातच. त्या वेळी 'गर्द', म्हणजे ब्राउन शुगरचे व्यसन शहरात पसरत होते. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता तथा सुनंदा अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या रुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

ज्या आवाराच्या नावाने मुले घाबरायची, तिथे आता लोक व्यसन सोडायला म्हणून येऊ लागले. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्यांना आधार देऊ लागली. उपचार संपल्यावरही पाठपुराव्याला यायचे, हा शिरस्ता पडला. व्यसनी माणसाच्या पत्नीलाही मदत लागते हे तिथे ओळखले गेले. पुढे मुक्तांगणची स्वतंत्र इमारत झाली.

हा धागा इतरांनीही पुढे नेला. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. तिथे आजारी माणसांइतकेच लक्ष परीक्षेला घाबरणारी मुले आणि दमलेले पालक यांच्याकडे दिले गेले. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपट पाहून अनेक घरांना पहिल्यांदा कळले, की आपल्याकडे जे चालले आहे त्याला नाव आहे आणि उपचारही आहे.

कायदा मागून आला

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला आपल्याकडे शिक्षेची तरतूद होती, एक वर्षापर्यंत कैद. १९८६ सालीच मुंबई पोलिसांतील एका मनोरुग्ण शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. पण १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते वैध मानले, आणि भीती कायम राहिली.

दरम्यान तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २५हून अधिक जण जळून मेले. उशीर आणि लपवणे शेवटी कुठवर जाते, ते त्या दिवशी देशाने पाहिले. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरला.

शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. मानसिक उपचार मिळणे हा तुमचा हक्क आहे. तुमची माहिती गोपनीय राहिली पाहिजे. आरोग्यविम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच स्थान हवे. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानून तिला मदत द्यायची, खटला नाही.

मग आपण अजून का थांबतो?

औषधे आली, समुपदेशन आले, कायदा बदलला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसले, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. याचे एक कारण तज्ज्ञांची कमतरता हे आहेच. दुसरे कारण पणजोबांची ती जुनी भीती.

आता हिशेब उलटा झाला आहे. लवकर गेलात तर सौम्य नैराश्य किंवा चिंता अनेकदा केवळ समुपदेशनाने आटोक्यात येते, गोळीही लागत नाही. झोपेसाठी दारूचा आधार घेण्याची वेळ येत नाही. नोकरी, अभ्यास, संसार हातात असतानाच उपचार होतात. भास-भ्रमाच्या आजारात तर उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितका औषधांचा परिणाम कमी होण्याचा धोका वाढतो. उशिरा आलेला माणूसही बरा होऊ शकतो, हे नक्की. पण तोवर त्याने आणि घरच्यांनी बरेच काही गमावलेले असते.

लवकर म्हणजे कधी? उदासी, चिडचिड, झोप-भुकेतला बदल, कशातच रस नसणे हे दोन आठवडे टिकले तर. तपासण्या नॉर्मल येऊनही त्रास थांबत नसेल तर. मुलाचे मार्क अचानक घसरले, त्याने मित्र तोडले तर. आणि मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच भेटा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तिथे चोवीस तास आणि मराठीतही बोलता येते.

सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालेल. एक कबुली देतो. माझ्या उमेदवारीच्या वर्षांत मीही अशा रुग्णांना अ‍ॅसिडिटीची गोळी आणि व्हिटॅमिन देऊन परत पाठवले आहे. मनाबद्दल विचारायला मलाच संकोच वाटायचा. ती भीती डॉक्टरांनाही वारशाने मिळते. म्हणून आम्ही विचारले नाही, तर तुम्ही सांगा. "डॉक्टर, मन बरे नाही" एवढे चार शब्द पुरेत.

आणि पुढच्या वेळी कोणी "ह्याला येरवड्याला पाठवा" म्हणून हसले, तर आजूबाजूला जरा बघा. न हसणारा एखादा तिथे बसलेला असेल. त्याच्याशी नंतर दोन मिनिटे बोला.