चढत्या गाडीचा मान

अरुंद घाटात दोन वाहने समोरासमोर आली असता चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा दंडक आज बहुतेक मोटारवाल्यांना निव्वळ सौजन्याचा प्रकार वाटतो. कित्येकांचा तर असा पक्का ग्रह असतो, की उतरणाऱ्याची गाडी वेगात असल्याकारणाने अग्रहक्क त्याचाच. वस्तुतः या दंडकामागचे कारण मोटारीच्या जन्माआधीचे आहे.

पेशवाईत बोरघाट ही मुख्यतः लमाणांच्या तांड्यांची वाट होती. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढे आणि देशावरचे धान्य खाली उतरे. पुढे १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला आणि घाटात ओझ्याबरोबर चाकही आले. पाठीवरचे ओझे घेऊन बैल चढावर कोठेही उभा राहू शकतो. परंतु भरलेली गाडी चढावर एकदा थांबली, म्हणजे जू मागे ओढले जाते, बैलांचे खूर घसरू लागतात, गाडीवानाला उडी टाकून चाकामागे धोंडा सारावा लागतो, आणि मेलेली गती पुन्हा उभी करण्यास बैलांना जी ताकद खर्चावी लागते, ती सबंध चढणीतही लागली नसेल. उतरणारा मात्र डोंगराच्या कडेला गाडी टेकवून खोळंबला, तर त्याचे फारसे काही जात नाही.

मोटारीचे इंजिन आले तरी हा हिशेब बदलला नाही. १९८९ च्या रस्ता-नियमावलीने तो कायद्यात नोंदला: रस्ता दोघांना पुरेसा रुंद नसेल, तर उतरणाऱ्याने कडेला थांबून चढणाऱ्यास जाऊ द्यावे. तरीही याच बाबतीत दुसरा एक गैरसमज आढळतो. कोंडी झालीच, तर चढणाऱ्याने मागे यावे, कारण उतार त्याला आपोआप नेईल, असा सल्ला लोक मोठ्या विश्वासाने देतात. पण भरलेला ट्रक आरशात बघत, केवळ ब्रेकच्या भरवशावर, दरीकाठच्या वळणातून मागे उतरवणे हे जिवावरचे काम. उलट, उतरणाऱ्याने रिव्हर्स गिअर टाकून मागे चढावे, तर वेग पूर्ण त्याच्या ताब्यात राहतो.

२००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्यांची वाटच विभागली, आणि घाटात समोरून कोणी येते ही जाणीवच एका पिढीची गेली. तीच मंडळी भोरहून महाडकडे वरंधा घाटाने उतरतात. खालून दम खात चढणाऱ्या एसटीचा चालक दिव्यांची उघडझाप करतो, तिचा अर्थ ‘या’ असा धरून खुशाल पुढे घुसतात. त्या बिचाऱ्याला मात्र एवढेच कळवायचे असते, की थांबा, मला येऊ द्या.