परभणीचं तापमान नेमकं किती? उपग्रह आणि हवामान केंद्राचे आकडे जुळत का नाहीत?

डिसेंबर उजाडला की 'परभणी गारठली'च्या पोस्ट सुरू होतात आणि त्याखाली ठरलेला वादही रंगतो: आकडा खरा कुणाचा? वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नोंदवलेलं किमान तापमान आणि भारतीय हवामान विभागाचा परभणीचा आकडा यांत अनेकदा काही अंशांचा फरक असतो. हल्ली त्यात उपग्रहाच्या रंगीत नकाशांची भर पडली आहे. त्यांचा आकडा या दोघांशीही जुळत नाही.

पहिला फरक मुख्यतः जागेचा. मोकळी शेतं सूर्य मावळताच उष्णता सोडू लागतात, सिमेंटची वस्ती मात्र बराच वेळ ऊब धरून ठेवते. त्यामुळे एकाच शहरात दोन ठिकाणी पारा वेगळा दिसू शकतो. पण मोजायची रीत एकच. जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला तापमापक हवेचं तापमान सांगतो. या पेटीला 'स्टीव्हन्सन स्क्रीन' म्हणतात.

उपग्रह हवा मोजतच नाही. जमिनीतून बाहेर पडणारे अवरक्त किरण टिपून तो पृष्ठभाग किती तापलाय याचं गणित मांडतो. मे महिन्यात नांगरून पडलेल्या काळ्या रानात भर दुपारी अनवाणी पाय टाकला तर जे कळतं, ते उपग्रहाचं तापमान. एप्रिल २०२२ च्या अखेरीस युरोपच्या सेंटिनेल-३ उपग्रहाने वायव्य भारतात काही ठिकाणी ६० अंशांहून जास्त तापमान टिपलं आणि तो नकाशा व्हायरल झाला. त्याच दिवसांत देशातल्या हवामान केंद्रांवर पारा पन्नाशीलाही पोचला नव्हता. दोन्ही आकडे बरोबर होते, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी होती.

थंडीत हे उलटं होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन तिच्यावरच्या हवेपेक्षा जास्त गार होते. याचं टोकाचं उदाहरण अंटार्क्टिकात सापडतं. तिथल्या व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. ऑगस्ट २०१० मध्ये उपग्रहाला पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर उणे ९३.२ अंश दिसले. तरी अधिकृत जागतिक विक्रम व्होस्टोकचाच राहिला, कारण उपग्रहाचा आकडा बर्फाच्या पृष्ठभागाचा होता. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं तिथे नोंदी घेतात. पण भारताच्या चौपट मोठ्या त्या खंडावर केंद्रं मोजकीच, म्हणून मधल्या प्रदेशासाठी उपग्रहच लागतो. त्यातही अडचण आहेच: ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे, दोन्ही थंड. ढगाचा माथा बर्फ समजला गेला की आकडा चुकतो.

परभणीत ढग ओळखणं त्या मानाने सोपं आहे, पण ओळखून उपयोग काय? अवरक्त किरण ढगांच्या आरपार येत नाहीत, म्हणजे पावसाळ्यात कित्येक दिवस नोंदच नाही. शिवाय अक्वासारखा उपग्रह मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जाण्यासाठी सोडलेला, तर किमान तापमान सहसा सूर्योदयाच्या आसपासचं. त्याचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटरचा. त्यात तूर, डांबरी रस्ता आणि पत्र्याची घरं, सगळ्यांची सरासरी येते.

या फरकावर पैसेही अवलंबून असतात. मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं, किंवा थेट ४५. हे आकडे केंद्रावरच्या हवेचे. मोसंबी, डाळिंबासारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विम्यातही भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून. तिथे उपग्रहाच्या नकाशाचा स्क्रीनशॉट दाखवून दावा मंजूर होत नाही. आपल्या मंडळाचं केंद्र कुठे बसवलंय, त्याच्या शेजारी भिंत किंवा झाड आहे का, हे शेतकऱ्यांनी आधीच पाहून ठेवलेलं बरं.