ठासणीच्या बंदुकीची विद्या

कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ हरणाच्या पाठलागाने उघडते. ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात दशरथ राजा मृगयेस निघाला आहे, नेमात आलेल्या मृगाच्या आड त्याची सहचरी येऊन उभी राहते आणि राजा ओढलेला बाण उतरवितो, हा प्रसंग संस्कृत शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाच्या ओळखीचा आहे. उज्जयिनीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले त्या कवीने मृगयेचे गुण आणि दोष दोन्ही जाणले होते. परंतु त्याच्या राजाला एका गोष्टीची विवंचना कधी पडली नाही. भात्यात हात घालावा, तो बाण तयार. पुढे हजार-बाराशे वर्षांनी याच माळव्यात हरणामागे लागलेल्या शिकाऱ्याची स्थिती निराळी होती. त्याच्या खांद्यावर बंदूक होती, पण तीत घालावयाची तयार वस्तू त्याच्यापाशी नव्हती. दारू किती, कोणत्या दाण्याची, गोळी केवढी, तिच्यावर चिंधी कसली, या साऱ्याची निवड करून प्रत्येक बार त्याने स्वतःच्या हाताने जुळवावयाचा असे. आज युरोप-अमेरिकेतील हौशी शिकारी घरी बसून रिकाम्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी निवडून भरतात व त्या छंदाचे मोठे कौतुक करतात. आपल्याकडे सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत शिकाऱ्याला याखेरीज दुसरा मार्गच नव्हता.

या विद्येचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण साधनांची आहे. दप्तर ठेवणारा कारकून दारूची नोंद मणांनी आणि शेरांनी करतो. एका बाराला किती दारू लागली हे त्याच्या लेखणीपर्यंत पोहोचण्याचे कारण नव्हते. ते ज्यांना ठाऊक होते ते पारधी, भिल्ल, बरकंदाज लिहिणारे नव्हते. म्हणून ग्रंथांतून, परकीयांच्या आठवणींतून आणि शेवटी आपल्या भाषेतून हे ज्ञान वेचून काढावे लागते.

शब्दांपासूनच आरंभ करू. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’पासून आला. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कठीण कवचाचे फळ, आणि त्याच्या आकारावरून लहान गोळी. म्हणजे शस्त्राचे नाव गोळीवरून पडले. ‘दारू’ हा फारसीत औषधाचा वाचक; मराठीत त्याला स्फोटक चूर्ण आणि मद्य असे दोन अर्थ चिकटले, आणि ‘दारूकाम’ म्हटल्यावर कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भावर राहिले. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आले. ‘जामगी’ म्हणजे पेटती वात, ‘रंजक’ म्हणजे कानावर घालावयाची बारीक दारू, ‘गज’ म्हणजे ठासण्याची सळई. रघुनाथपंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे तो उगाच नव्हे. शस्त्रे परकी, त्यांची नावे परकी, आणि ती रोज तोंडी येणारी, असा तो काळ होता.

दारूच्या घडणीविषयी ‘शुक्रनीती’त जो उतारा येतो त्यात सोरा पाच भाग, गंधक एक भाग आणि कोळसा एक भाग असे प्रमाण दिले असून कोळसा रुई, निवडुंग अशा झाडांचा, आणि तोही धूर आत कोंडून केलेला असावा, असे सांगितले आहे. हा ग्रंथ प्राचीन मानून भारतात फार पूर्वीपासून बंदुका होत्या असे प्रतिपादन करणारे विद्वान झाले. उलट हा भाग, किंबहुना सगळा ग्रंथच, अगदी अर्वाचीन ठरविणारेही झाले. प्रस्तुत लेखकाला दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ साली भारतातील दारूकामाच्या इतिहासावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात गजपती प्रतापरुद्रदेवाच्या ‘कौतुकचिंतामणी’तील कृती पुढे मांडल्या आहेत. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ पाहता शोभेच्या दारूची ओळख आपल्याकडे त्या सुमारास चांगली रुळली होती, एवढे निश्चित म्हणता येते. तथापि ‘शुक्रनीती’ अर्वाचीन ठरली म्हणून तिच्यातील तपशील निरुपयोगी ठरत नाही. हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा लवकर पेट घेतो, ही गोष्ट तो उतारा लिहिणाऱ्याला कोणा कारागिराकडूनच कळलेली असली पाहिजे. लहान नळीसाठी गोळी शिशाची असावी, असेही त्यात म्हटले आहे. शिसे चुलीच्या विस्तवावर वितळते, साच्यात सहज बसते, नळीला चरे पाडीत नाही, आणि लक्ष्यावर आदळताच पसरते. यांतील शेवटचा गुण शिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. माळव्याच्या शेजारी मेवाडात जावरच्या प्राचीन खाणी होत्या. तेथे जस्ताबरोबर शिसेही निघे.

आता शिकारीकडे वळू. माळव्याच्या काळ्या जमिनीचे पठार म्हणजे काळविटाचे, चिंकाऱ्याचे आणि नीलगाईचे माहेर. (प्राणिशास्त्राच्या दृष्टीने काळवीट हे हरीण नव्हे, कारण त्याची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत; पण मराठी माणसाने त्याला हरीणच म्हटले आहे आणि येथेही तसेच म्हटले आहे.) जहांगीर १६१७ साली उज्जैनीजवळ जदरूप गोसाव्याच्या दर्शनास थांबून मांडूस गेला. त्याच सुमारास त्याने वयाच्या बाराव्या वर्षापासूनच्या आपल्या शिकारीची मोजदाद करविली, तेव्हा आकडा २८,५३२ भरला, आणि त्यांतील १७,१६७ प्राणी स्वतःच्या हातचे निघाले. बादशहाभोवती माणसांची फळी असे. एकट्या शिकाऱ्याला मात्र उघड्या रानात सावज गाठावयाचे म्हणजे पाऊल मोजून टाकावे लागे. पारधी शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने पुढे सरकत. पुढील काळात साहेबलोक बैलगाडीच्या आडून जाऊ लागले, कारण गाडीला हरीण बुजत नसे. त्यात जामगीचा वास आणि धूर, म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळावयाची. इतके करून गुळगुळीत नळीची गोळी शंभर पावलांपलीकडे भरवशाची नसे.

अशा वेळी एकदाच मिळणारा बार कसा भरावा? दारू अधिक घातली तर गोळी सरळ आणि जोराने जाते, पण नळी फुटण्याचे भय. ‘ऐने अकबरी’त अबुल फजल अभिमानाने सांगतो की पूर्वी नळीचा चौथा भाग भरला तरी धोका असे, आता तोंडापर्यंत भरून सोडली तरी फुटत नाही. दरबारी लेखकाच्या या वाक्यातून अतिशयोक्ती वजा केली तरी एवढे कळते, की बार किती भरावा हा त्या काळी जीवनमरणाचा प्रश्न होता. दारूचा दाणा जाडा असेल तर ती सावकाश जळते आणि गोळीला ढकलीत नेते. बारीक असेल तर एकदम भडकते. म्हणून रंजक बारीक आणि नळीतील दारू जाडी, असा विवेक करावा लागे. गोळी सैल बसली तर वायू बाजूने निसटून जातो, घट्ट बसली तर ती ठासतानाच आकार बिघडतो. म्हणून तेलकट चिंधीचा उपयोग. आणि पावसाळा! सोऱ्यात मीठ राहिले असेल तर तो हवेतील ओल ओढून घेतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूची कोठी घरांपासून दूर असावी, दारू वरचेवर बाहेर काढून उन्हात वाळवावी आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असे जे विवरण आहे ते किल्ल्यासाठी लिहिलेले आहे. पण शिंगात दारू घेऊन हिंडणाऱ्या शिकाऱ्याचाही प्रश्न तोच होता.

अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनीस ठाणे केले आणि १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरीस मुक्काम हलवीपर्यंत हे नगर शिंदेशाहीचे मुख्य स्थान राहिले. महादजींच्या पदरी द बॉयनाने कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि दहा रुपयांस एक अशा बंदुका तयार होत. या पलटणींबरोबर शिपाई आणि शिकारी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शिपायाची बंदूक एका मापाची, गोळी एका मापाची, दारू कागदात बांधून मिळालेली. त्याने कागद दातांनी फाडावा, ओतावे, ठासावे. निवड करण्याचे कारण उरले नाही, आणि एका मिनिटात किती बार झडतात हे महत्त्वाचे ठरले. १८०१च्या जुलैत उज्जैनीबाहेर यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या पलटणींचा जो पाडाव केला, त्यातील शिपाई याच तऱ्हेचे. शिकारी मात्र अजून आपले शिंग, आपला साचा आणि आपला अंदाज यांवरच विसंबून होता.

दुसऱ्याने भरलेल्या काडतुसावर विश्वास ठेवावा लागणे ही किती नाजूक गोष्ट आहे, याचा पुरावा १८५७ साली मिळाला. चरबीच्या प्रश्नाची धार्मिक बाजू सर्वांस ठाऊक आहे. पण त्या जानेवारीत सरकारने शिपायांना आपल्या हाताने, आपल्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा दिली होती, इकडे क्वचितच लक्ष जाते. बार जुळविण्याचा एक बारीकसा अधिकार परत देऊन सरकार शंका शमवू पाहत होते. तोपर्यंत वेळ निघून गेली होती.

या विद्येचा सर्वांत सविस्तर ग्रंथ इंग्रजीत लिहिला गेला, आणि तो लिहिणारा आपल्याच मुलखात हिंडलेला होता. फॉर्सिथ आडनावाचे दोन गृहस्थ बंदुकीच्या इतिहासात आहेत. एक स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक. त्याने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचा हक्क नोंदविला, आणि त्यातूनच पुढे केपांची बंदूक आली. आपल्याला हवा तो दुसरा, कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. नर्मदेच्या दक्षिणेस निमाडात त्याने जमाबंदीचे काम केले, आणि १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. त्याआधी १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक लहानसे पुस्तक लिहिले होते. त्या वेळी लांबट गोळीची नवी टूम निघाली होती. ती दूर जाते म्हणून सैन्याला प्रिय. फॉर्सिथचे म्हणणे असे, की शिकाऱ्याला आठशे पावलांवर मारावयाचेच नसते. लांबट गोळीला स्थिर ठेवण्यास नळीतील आटे जलद वळणारे लागतात. तसे असले की भारी दारू घालता येत नाही, कारण मऊ शिसे आटे सोडून घसरते. दारू कमी म्हणून गोळी कमानीसारखी जाते, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम चुकतो. म्हणून त्याने उलट वाट सुचविली : गोल, मोठी गोळी, अगदी मंद वळणाचे आटे आणि भरपूर दारू. अशी गोळी शिकारीच्या अंतरात जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि आघातही मोठा करते.

या तांत्रिक वादाच्या मुळाशी एक निराळीच चिंता आहे. अरुंद गोळी हरणाच्या अंगातून आरपार जाते आणि जखमी जनावर मैल दोन मैल पळून झुडपात तडफडत मरते. शिकाऱ्यालाही ते सापडत नाही. गोळीची रुंदी आणि दारूचे माप ठरविणे म्हणजे त्या जिवाचे मरण क्षणाचे की दिवसाचे हे ठरविणे होय. फॉर्सिथ साम्राज्याचा सेवक होता आणि त्याने मारलेल्या जनावरांची संख्या आजच्या वाचकाला रुचणार नाही. तरी या प्रश्नाला त्याने दिलेले महत्त्व मान्य करावे लागते. पुढे हाच प्रश्न विचित्र रूपाने पुन्हा उभा राहिला. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९६-९७च्या सुमारास टोक उघडे ठेवलेली, अंगात पसरणारी गोळी निघाली. १८९९ साली हेग येथील घोषणेने ती युद्धात निषिद्ध ठरविली. माणसांच्या बाबतीत जी क्रूर, तीच हरणाच्या बाबतीत दयाळू मानून शिकारी वापरीत राहिले.

१८६९ साली पुण्याजवळ खडकीस काडतुसांचा कारखाना उभा राहिला. पितळी काडतुसे पेटीतून मिळू लागली आणि पाऊणशे वर्षांच्या आत ठासणीची विद्या खेड्यापाड्यांपुरती उरली. माधवराव शिंद्यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत मार्गदर्शिका लिहिली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या हाती विलायती रायफली होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५९च्या शस्त्रकायद्याने दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक केला, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले. काळविटाची शिकार हा आता इतिहासाचाच विषय आहे. उज्जैनीच्या शेजारी शाजापूर जिल्ह्यात शेतांची नासाडी करणारी काळविटे २०२५च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरने हाकून, कुंपणात घेऊन जिवंतपणी इतर जंगलांत नेण्यात आली. एक गोळीही झाडावी लागली नाही.

भाषेने मात्र ती विद्या टाकलेली नाही. वक्ता एखादा मुद्दा ठासून सांगतो, पोकळ धमकीला आपण फुसका बार म्हणतो, मुलीच्या लग्नाचा बार उडवून देतो. मोल्सवर्थच्या कोशात जामगी आणि रंजक हे शब्द अर्थासह नोंदलेले आहेत. वर्गात ते विचारून पाहावेत. शिंग आणि साचा कोणी पाहिलेला नसतो, पण फुसका बार कोणता हे सर्वांना अचूक सांगता येते.