दरवाजांचे शहर आणि न जुळणाऱ्या गल्ल्या

मराठवाड्याच्या या राजधानीला २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव आहे. त्यापूर्वी औरंगाबाद, त्याही आधी फतेहनगर आणि मुळात खडकी. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकीत आपली राजधानी वसविली. त्याची नहर सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच्या शहराच्या रस्त्यांचा विचार फारसा कोणी करीत नाही.

१६८२ च्या सुमारास औरंगजेबाने तट बांधविला. तट म्हणजे अडथळाच. परंतु एक गंमत पाहा. बाहेर पडण्याच्या वाटा ठरलेल्या असल्याने आतील बाजारांचे रस्ते कोणत्या ना कोणत्या दरवाजाच्या रोखाने गेले. मोहल्ल्यातील बोळ अरुंद, काही तर पुढे बंद. तरी थोडे चालताच हमरस्ता लागे. शहागंजहून गुलमंडीला जाताना एक वाट अडली तर दुसरी सापडे. पायी माणसाला हे शहर सोयीचे होते. मोटारीला मात्र नाही. मकाई दरवाजातील खोळंबा ज्याने पाहिला आहे त्याला हे सांगावयास नको!

१९०० साली रेल्वे आली ती तटापासून दूर, दक्षिणेला. शहर तिकडे ओढले गेले. पुढे पूर्वेस चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि १९७० नंतर सिडकोचे आखीव विभाग झाले. सिडकोत रस्ता आधी, घर नंतर. पण कारखान्यांत आलेल्या प्रत्येक मजुराला सिडकोचे घर कोठून परवडणार?

त्याने घेतला गुंठेवारीचा प्लॉट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकऱ्याने तो तुकड्यांनी विकला, बहुधा २० बाय ३० फुटांचे. दलालाने मध्ये गल्ली ठेवली आणि ती बांधापाशी संपविली. शेजारच्या शेताचे तुकडे पडले तेव्हा तिकडची गल्ली दुसऱ्याच टोकाला उघडली. दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून, पण एकीकडून दुसरीकडे जाण्यास मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घ्यावा लागतो. शाळेत निघालेल्या मुलांना तोच वळसा, पाण्याच्या टँकरलाही तोच. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तरी तोच! अशा वस्त्यांतील वाहने मग जालना रोडसारख्या मोजक्या रस्त्यांवर येऊन पडतात.

२०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ११.७५ लाख होती. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने अशी घरे नियमित करण्याची वाट मोकळी केली. ज्यांनी उभ्या आयुष्याची कमाई त्या सहाशे चौरस फुटांत घातली, त्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र घराला कागद मिळाला म्हणून गल्ली पुढे सरकत नाही. जेथे ती जोडावयाची तेथे आता कोणाची तरी पक्की भिंत आहे, आणि त्या भिंतीमागे एक कुटुंब राहते.