घाणेरीची स्वारी

चांद्याचा इतिहास म्हटला की आपल्याला गोंड राजांचा परकोट आठवतो, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून घेतलेला किल्ला आठवतो, १८५४ साली खालसा झालेले नागपूरकर भोसल्यांचे राज्य आठवते. झुडपाच्या स्वारीची बखर मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून आज आम्ही घाणेरीविषयी बोलणार आहोत. कोणी तिला टणटणी म्हणतात, कोणी रायमुनिया.

ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली आणि तेथील बागवानांनी तिच्यात नवे नवे रंग निपजविले. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात शोभेसाठी आली, तेव्हा चांद्यावर भोसल्यांचाच अंमल होता. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, तांबडी फुले. पाला बहुधा सदा हिरवा. अंगाला काटे, आणि उग्र वासामुळे गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणाला आणखी काय हवे होते?

कुंपण तिने स्वतः मात्र मानले नाही. पिकलेली काळी फळे बुलबुलांनी खाल्ली व बी रानोमाळ टाकले. तोडीने, वाटांनी, चराईने रान विरळ होऊन जेथे ऊन खाली उतरले, तेथे तिने ठाणे दिले. छाटली तरी बुंध्यातून फुटते, वणव्यातूनही उठते. १९२१ साली हवाई बेटांवरून तिची फळे पोखरणारी माशी मुद्दाम आणली. माशी आली, घाणेरीही राहिली! २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने तिचा विस्तार १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे देशातील व्याघ्रप्रदेशाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक, असा मांडला.

वाघाची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत, आणि ती वाहिलीच पाहिजे. पण मोहाखाली घाणेरी माजली की पहाटे फुले वेचणाऱ्या बाईने काय करावे? गवत खुंटते. भुकेल्या गुराने पाला खाल्लाच तर यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी सोलते. २००९ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे इतर गावांनाही असे हक्क मिळत गेले. हक्काच्या कागदावर हेक्टर लिहिलेले असतात. त्यांतल्या किती भागात मोह, तेंदू, बांबू नि गवत उरले आहे, हे रानात जाऊनच पाहावे लागते.

वरवर छाटण्यात मजुरी फुकट जाते. फळे धरण्यापूर्वी जमिनीखालचा गड्डा कुदळीने तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते. आणि ज्या झाडांवर बुलबुल बसतात, त्यांच्याखालची नवी रोपे पुढेही वर्षानुवर्षे उपटीत राहावी लागतात.