उजेड हवा, ओल नको

लघुचित्रांचा इतिहास बहुधा राजवाड्यापासून सांगितला जातो आणि त्यातून एक गैरसमज नकळत रुजतो. संगमरवरी दालन, थुईथुई उडणारी कारंजी, पंखा ढाळणारे सेवक, वाळ्याचा दरवळ, आणि या सगळ्या गारव्यात बसून खारीच्या केसांच्या कुंचल्याने रंग भरणारा चित्रकार, असे दृश्य मनात उभे राहते. उत्तर हिंदुस्थानातला आणि दख्खनमधला उन्हाळा कसा भाजून काढतो हे माहीत असल्याने ते खरेही वाटते. बाबराने हिंदुस्थानाविषयी ज्या तक्रारी लिहून ठेवल्या, त्यांत उष्मा, वारा आणि धूळ यांचा जाच आहे. बर्फ आणि गार पाणी मिळत नाही हीसुद्धा तक्रार आहे. त्याच्या नातवाने या तक्रारींवर इलाज शोधले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची कृती मापांसह दिली आहे: अडीच शेर सोरा, पाच शेर पाणी, आणि त्या मिश्रणात पिण्याच्या पाण्याची तोंड बंद केलेली सुरई पाव तास फिरवत राहायची. दरबार लाहोरला गेल्यावर डोंगरातून बर्फ येऊ लागला. बांबूच्या सांगाड्यात वाळा भरून केलेल्या खोल्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असेही अबुल फजल सांगतो. माझे म्हणणे असे की घोटभर गार पाणी सोडले, तर यातला एकही इलाज चित्रकाराच्या उपयोगाचा नव्हता. वाळ्याची खोली गार होते तेव्हा ती अंधारी होते आणि दमट होते. बारीक काम करणाऱ्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी परवडत नाहीत. म्हणून उन्हाळ्याशी त्याने कसे जमवून घेतले हे पाहायचे, तर राजाच्या महालात शोधून भागणार नाही. कागद, डिंक, रंग आणि कामाची वाटणी यांच्याकडेच वळावे लागेल.

कागदापासूनच पाहू. लघुचित्र ज्यावर रंगवतात ती वसली म्हणजे हातकागदाचे अनेक ताव खळीने एकावर एक चिकटवून, वाळवून, घोटून केलेला जाड, गुळगुळीत थर. कीड लागू नये म्हणून खळीत थोडा मोरचूद घालण्याची पद्धत आहे. या खळीचा खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत ती वाळत नाही, तिला बुरशी धरते, वसली फुगते आणि वाकते. वैशाख-ज्येष्ठाच्या कोरड्या हवेत मात्र हेच काम निर्वेध होते. कागदाचीही तीच गोष्ट. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरमध्ये ज्या पद्धतीने हातकागद होत असे, तिच्यात लगद्याचा ओला ताव गिलावा केलेल्या भिंतीवर थापून वाळवायचा असतो. ऊन आणि कोरडा वारा नसेल तर पुढचे सगळे अडते. याहून जुना पुरावा हवा असेल तर कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथाकडे पाहावे. त्यातल्या चित्रविषयक भागात वज्रलेप सांगितला आहे. म्हशीचे कातडे लोण्यासारखे मऊ होईपर्यंत शिजवायचे, त्याच्या कांड्या करायच्या, त्या उन्हात वाळवायच्या आणि लागतील तशा पुन्हा पाण्यात विरघळवून रंगात घालायच्या. ही कृती ज्याने बसवली त्याने ऊन साधनसामग्रीत धरले होते.

यावर कोणी म्हणेल, वसली आणि सरस यांचे ठीक आहे, पण प्रत्यक्ष रंगवताना कडक उन्हाळा घातकच. रंग कुंचल्यावरच सुकतो, दोन छटा एकमेकींत मिसळायला सवडच मिळत नाही. ही अडचण खरी आहे, पण ती ओल्या कागदावर रंग पसरवणाऱ्याची. लघुचित्रकार ओल्यात ओले मिसळतच नाही. गालाची गोलाई, हाताचा उठाव, वस्त्राची घडी हे सारे तो परदाजाने साधतो, म्हणजे अतिशय बारीक ठिपक्यांनी आणि रेषांनी, आणि त्यांतला प्रत्येक ठिपका पुढचा पडण्याआधी वाळलेला असावा लागतो. सपाट रंगही एका हातात भरत नाहीत. पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, चित्र गुळगुळीत दगडावर पालथे घालून मागून अकीकाने घोटायचे, मग दुसरा थर. थरात जरा ओल राहिली तर घोटताना रंग दगडालाच चिकटतो. हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, सफेदा हे रंग शिंपल्यांत बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकाने बांधलेले असतात. दुपारच्या झळीने शिंपल्यातला रंग दगडासारखा झाला तरी काही बिघडत नाही; पाण्याचा थेंब टाकून बोटाने घोळले की डिंक पुन्हा विरघळतो. उन्हाळ्यात सांभाळायचे ते डिंकाचे प्रमाण. जास्त झाला तर कोरड्या हवेत थर तडकून पापुद्रे निघतात, कमी झाला तर रंग हाताला लागतो. हे प्रमाण कोणत्याही पोथीपेक्षा हातालाच नीट कळते, आणि उस्तादाजवळ बसून वर्षानुवर्षे जे शिकले जाई त्यात याचा वाटा मोठा असणार.

जुन्या चित्रांवरच्या जखमाही हेच सांगतात. जंगाल, म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा रंग, जिथे जिथे लावला तिथे कागद तपकिरी पडून करपल्यासारखा झालेला आणि कधी कधी तुटलेला दिसतो. तांब्याचे क्षार कागद खातात, आणि ओल जितकी जास्त तितके ते जलद खातात. बुरशीचे डाग, वाकलेल्या वसल्या, कसरीने पाडलेली भोके या सगळ्यांच्या मुळाशीही दमटपणा असतो. प्रखर उजेडाचे नुकसान वेगळे: हरताळ आणि नीळ उडते, हिंगूळ काळवंडतो. म्हणजे चित्राला लख्ख पण थेट ऊन नसलेला उजेड आणि कोरडी हवा हवी. कोरडी हवा ज्येष्ठ महिना मुबलक देतो, आणि सावलीत बसले की उजेडही.

अडचण उरते ती माणसाची. कपाळावरून ओघळलेला घामाचा एक थेंब चार दिवसांचे परदाज पुसून टाकू शकतो, कारण जो डिंक शिंपल्यात पुन्हा विरघळतो तो कागदावरही विरघळतो. तळहाताचा ओलावा घोटलेल्या पृष्ठभागावर डाग पाडतो; म्हणून हाताखाली कोरा कागद घेऊन काम करण्याची रीत आहे. चित्रकाराची बैठकसुद्धा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. जमिनीवर बसून एक गुडघा उभा करायचा, त्याला फळी टेकवायची आणि चित्र डोळ्यांच्या जवळ आणायचे. त्यामुळे मान फार वाकवावी लागत नाही आणि उजेड सरकेल तशी जागा बदलता येते. अकबराच्या चित्रशाळेत सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या ‘अख्लाक-इ-नासिरी’च्या प्रतीत खुद्द कारखान्याचेच चित्र आहे. त्यातले लेखक आणि चित्रकार उघड्या मंडपात बसलेले आहेत. हे चित्र आदर्श रंगवणारे आहे, रोजच्या कामाचा दाखला म्हणून ते घेऊ नये, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो रास्त आहे. पण आदर्शच दाखवायचा होता तर बंद, गार, वाळ्याच्या खोलीत त्यांना बसवता आले असते. काढणाऱ्याला आपल्या कामाची जागा उघडी आणि उजेडाचीच सुचली, याला मी महत्त्व देतो.

कामाच्या वाटणीचा मुद्दा मला सर्वांत भरीव वाटतो. अकबराच्या काळातील हस्तलिखितांत चित्राखाली कारकुनांनी नावे टिपलेली आढळतात: तरह, म्हणजे आखणी, एकाची, अमल, म्हणजे रंगकाम, दुसऱ्याचे, चेहरानामी, म्हणजे मुख्य चेहरे, तिसऱ्याचे. जयपूरचा ‘रज्मनामा’ आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’ यांत ही नावे वाचता येतात. ही वाटणी कामाचा झपाटा वाढवण्यासाठी होती असे सांगितले जाते, आणि ‘हम्झानामा’सारखी सुमारे १४०० चित्रांची, दीड दशक चाललेली कामगिरी पाहता ते बरोबरच आहे. पण तिचा आणखी एक परिणाम होतो. रंग वाटणे, वसली घोटणे, खाका टिपून घेणे या कामांना पारखी नजर आणि स्थिर हात लागतो, तरी ती दुपारच्या सावलीत होऊ शकतात. चेहऱ्याच्या रेषेला मात्र दिवसातला सर्वांत निवांत प्रहर द्यावा लागतो. कामे सुटी केली की प्रत्येक कामाला त्याची वेळ देता येते. कारखान्याचे वेळापत्रक असे होते असा लेखी पुरावा मी पुढे करत नाही. कामाच्या रचनेतून निघणारे हे अनुमान आहे. पण वाटणी उन्हाळ्यासाठी केली गेली नसली तरी उन्हाळ्यात ती उपयोगी पडल्याशिवाय राहिली नसेल.

मोठा आक्षेप पहाडांचा आहे. जहांगीर उन्हाळ्यात काश्मीर गाठत असे, आणि तिथे उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगवली असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. पुढे गुलेर, कांगडा, बसोली इथे चित्रकला बहरली. मग उत्तम काम थंड हवेतच झाले असे का म्हणू नये? एक तर मन्सूर बादशहाच्या लवाजम्यात होता. चित्रशाळेतल्या प्रत्येकाच्या नशिबी काश्मीर नव्हते. दुसरे असे की ‘पहाडी’ हे नाव ऐकून आपण हिमशिखरे डोळ्यांसमोर आणतो, पण गुलेर, बसोली किंवा नैनसुखने ज्या बलवंतसिंहाच्या पदरी काम केले ते जसरोटा ही सारी शिवालिकच्या पायथ्याची ठिकाणे आहेत, आणि तिथला उन्हाळा पंजाबच्या मैदानाहून फार सौम्य नसतो. तिसरे म्हणजे नकाशाच उलट साक्ष देतो. बिकानेर, जोधपूर, किशनगढ, कोटा, बुंदी ही राजस्थानी चित्रकलेची केंद्रे देशातल्या अतिशय तापणाऱ्या पट्ट्यात आहेत. जोधपूर-बिकानेरच्या टापूतल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांची घराणी नांदली. कलेचे केंद्र आश्रयदात्यामुळे ठरते हे मान्य. पण उष्मा जर या कलेला मारक असता तर इतका आश्रय मिळूनही ती तिथे तग धरू शकली नसती. लघुचित्राचे तंत्र इराणातून आले, म्हणून हवामानाचा संबंध जोडणे चुकीचे, असेही म्हणता येईल. मी उन्हाळ्याने ही कला जन्माला घातली असे म्हणतच नाही. इराणचा उन्हाळाही कोरडाच असतो, आणि गुजरातेत त्याआधीच जैन पोथ्या रंगवल्या जात होत्या. जे आले आणि जे इथे होते, ते दोन्ही कोरड्या झळीत टिकणारे होते, एवढेच.

आपल्या दख्खनमध्ये हा विरोध अधिक स्पष्ट दिसतो. अहमदनगरचा फराहबाग महाल १५८३मध्ये पुरा झाला, तो तलावाच्या मधोमध. विजापूरजवळ कुमटगीला आदिलशाहीने पाण्यात मंडप बांधले. सुलतानांनी उन्हाळ्यावर पाण्याने मात केली. त्याच निजामशाहीत, फराहबागेच्या आधी काही वर्षे, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित तयार झाले. आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. साडेचारशे वर्षांनंतरही त्यातले रंग टिकले आहेत. पाण्याच्या महालांपैकी फराहबागेची आज पडझड झाली आहे, तलाव आटला आहे.

बारामासा चित्रांत ज्येष्ठ महिना येतो तेव्हा उन्हाने हतबल झालेला हत्ती, सुस्तावलेला वाघ आणि नाग, ओस पडलेली वाट, आणि एका बाजूला गारव्यात बसलेले राजा-राणी असतात. केशवदासाच्या ‘कविप्रिया’तल्या वर्णनावरून बुंदी-कोट्याच्या चित्रकारांनी ही चित्रे काढली. ज्याने हे रंगवले तो त्या गारव्यात नव्हता, याची मला ही चित्रे पाहताना नेहमी जाणीव होते. पंख्याच्या दोरीचा एकेक धागा त्याने ज्या उजेडात काढला, तो उजेड उघड्यावरच मिळतो.

आज ज्यांना या चित्रांचा छंद आहे त्यांच्यापुढे हाच पेच नव्या रूपात उभा आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या हौशी चित्रकारांना तो विशेष जाणवतो. कूलर म्हणजे यंत्रात बसवलेली वाळ्याची ताटीच. तो खोली गार करतो आणि कागद सर्द करतो. छताचा पंखा घाम सुकवतो, पण कुंचल्याच्या टोकावरचा रंगही सुकवतो. अ‍ॅक्रिलिक वापरणाऱ्याचे यात दुहेरी नुकसान होते, कारण तो रंग एकदा वाळला की पाण्याने परत येत नाही, आणि म्हणून ओल्या स्पंजावर कागद अंथरून त्यावर रंग ठेवण्याची युक्ती करावी लागते. डिंकाचे रंग वापरणाऱ्याला ती लागत नाही. त्याने कूलरचा झोत कागदापासून दूर वळवावा, चेहऱ्याचे आणि परदाजाचे काम सूर्य वर येण्याआधी उत्तरेच्या खिडकीशी उरकावे, दुपार रंग वाटण्याला आणि घोटण्याला द्यावी, आणि वर्षभराच्या वसल्या मे महिन्यातच करून ठेवाव्यात, कारण जूनच्या पहिल्या सरीनंतर खळ नीट वाळत नाही.